गुडघा, खुबा आणि आईची खाट

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाकते. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणजे तुम्ही नाटक करताय असं होत नाही. मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मी सांगतेय.

परवा आमच्या इमारतीतल्या एक बाई जिन्यात कठडा धरून उभ्या होत्या. एक पायरी उतरायच्या, थांबायच्या, कुणी बघत नाही ना ते पाहायच्या आणि मग पुढची. मी त्यांना घरात ओढून आणलं, चहा केला, आणि माझं सगळं रामायण ऐकवलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे लिहून काढा की!" आता लिहायला बसले तर कळतंय, गुडघ्याचं लिहायचं तर आईचं लिहावंच लागणार. माझ्यापुरती ती दोन दुखणी वेगळी नाहीत.

काही नाही निघालं

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी पनवेलला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे. चाळिशी अजून यायची होती. उजवा गुडघा मात्र माझ्या आधीच म्हातारा झाला होता. आधी फक्त जिना उतरताना कुरकुरायचा. मग खुर्चीतून उठताना. मग नुसतं बसलं तरी वाटीच्या मागे आग व्हायची, पाय लांब करावा तर पुढे बोर्ड.

माझं माहेर विचुंब्याचं, म्हणजे पनवेलपासून हाकेच्या अंतरावर. तिथून बाजाराला जो कुणी येई त्याच्या हाती आई निरगुडीचा पाला पाठवायची. तो गरम करून बांधायचा, वर जुनं फडकं. बरं वाटायचं, निदान रात्रीपुरतं. त्या वर्षी संक्रांतीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि निरगुडी यायची थांबली.

उन्हाळ्यात मी एकदाची हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला.

"हाडात काही नाही हो. वाटीमागे थोडीफार झीज असेल."

"मग एवढा दुखतो का?"

"दुखतात काहींचे. जिना टाळा. उकिडवं बसू नका, मांडी घालू नका. जमिनीवर बसायचं आता विसरा."

"कधीपर्यंत?"

"कायमचंच धरून चाला," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर हे उभे होते. "बरं झालं बाई, काही नाही निघालं," म्हणाले. मी रिक्षात रडायला लागले तर बिचारे गोंधळून गेले. "अगं, काही निघालं असतं तर रडायचं. काही नाही निघालं म्हणून कोण रडतं?" त्यांना कसं सांगू? माझी आई जमिनीवर होती. सारवलेल्या जमिनीवर, चटईवर. आणि मला जमिनीवर बसायचं विसरायला सांगितलं होतं.

आई खाली, मी वर

आई जन्मात कधी खाटेवर झोपली नव्हती. "खाटंवर दुखणाईत मानूस झोपतंय," म्हणायची. स्वतः अर्धी लुळी पडली तरी ती स्वतःला दुखणाईत धरायला तयार नव्हती. मधल्या घरात तिची चटई होती. डावा हात आणि डावा पाय शाबूत, तेवढ्यावर ती बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत जायची. लुगडं मळायचं, कोपर सोलायचं, पण उंबऱ्याशी बसून तिचा कारभार चालू. कोंबड्या हाकल, नातवंडांवर ओरड, सुपातल्या तांदळातले खडे डाव्या हातानं वेच. जीभ जड होती तरी शिव्या स्पष्ट यायच्या.

मी रविवारी जायची. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा. मी वर खुर्चीत पाय लांब करून, आई खाली. ती काय बोलतेय ते मला कळायचं नाही! दिवसभर खरखरत्या लाइनवर गुजरातपासून मद्रासपर्यंतचे आवाज ओळखणारी मी, आणि मला माझ्या आईचं बोलणं कळेना. वाकून "काय?" म्हणायचं, ती परत सांगायची, परत "काय?". मग ती नुसता हात हलवायची, राहू दे म्हणून.

वहिनीचा तर एक दिवस तोल सुटला. तिची काय चूक? आईला भरवणं, पुसणं, लुगडं बदलणं, सगळं खाली बसून करायचं काम, आणि ते सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात.

"ताई, तुमी येता, खुर्चीत बसता आनि आईला कसं वाटतंय म्हनून मना इचारता," ती म्हणाली. "खाली बसून एक दिस करा, मंग कलंल."

अण्णा तिच्यावर खेकसला. मी त्यालाच गप्प केलं. मला राग आला होता, पण खरं तर तिचा नव्हता, माझ्या मेल्या गुडघ्याचा आला होता. त्या दिवशी मी हट्टानं खाली बसायला गेले. अर्ध्यात पाय असा काही धरला की अण्णा आणि वहिनी दोघांनी काखेत हात घालून मला उचललं. आई बघत होती.

पुढच्या रविवारी गेले तर मधल्या घरात लोखंडी खाट, वर गादी, आणि गादीवर आई.

"ही कुठून आली?"

"तिनंच मागितली," अण्णा म्हणाला. "चार दिस मागं लागली व्हती. आन म्हनजे आन."

मी खुर्ची जवळ ओढली. आईचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. ती हसली, एका बाजूनं.

"आता आयकू येतंय ना, बाय?"

आलं की! शब्द न् शब्द आला. त्या दिवशी आम्ही पोटभर बोललो. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, देवासारखी सुचली हो आईला खाट.

मग पुढच्या काही खेपांत माझ्या लक्षात यायला लागलं. उंबरा रिकामा होता. एकदा कोंबडी सरळ आत येऊन चुलीपाशी गेली, तरी आई काही बोलली नाही. तिला खाटेवरून उंबऱ्याच्या बाहेरचं दिसतच नव्हतं. खाटेवरून तिला उतरता येत नव्हतं, आणि उतरवलं तर परत चढवायला दोन माणसं लागायची. दिवसभर ती तिथेच. डावा हात खाटेच्या कडेवरून खाली सोडून ती बोटांनी काहीतरी चाचपत असायची. मला वाटलं काही पडलंय. वहिनी म्हणाली, "पडलं नाय काय. भुईला हात लागतंय का बगतात."

मी आईला विचारलं, "खाली घेऊ का तुला?"

"नको. तू येतंस. तुजा पाय दुखतंय."

"अगं, मी उभी राहीन."

"नको म्हन्लं ना!"

आईचा नकार म्हणजे नकार. अण्णाला सांगून पाहिलं, तो म्हणाला, तिलाच इचार. म्हणजे सगळं येऊन थांबलं माझ्या गुडघ्यापाशी. मी खाली बसेपर्यंत आई खाली येणार नव्हती.

मॅडम

आमच्याकडे तेव्हा फिजिओथेरपी म्हणजे शेक घेणं. मीही शेकासाठीच गेले. एका लहानशा हॉस्पिटलात मुंबईहून एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. तरुण, बारीक अंगाच्या आणि तोंडानं तिखट. त्यांनी शेकाच्या मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. मला एका लाकडी पायरीवर उभं केलं आणि म्हणाल्या, "उतरा."

उतरले.

"पुन्हा. सावकाश. आरशात बघा स्वतःकडे."

आरशात मी पहिल्यांदाच पाहिलं. उजव्या पायावर भार आला की माझी कंबर एका बाजूला कलायची आणि गुडघा आत पडायचा, डाव्या गुडघ्याला भेटायला चालल्यासारखा.

त्यांनी माझ्या कमरेखाली, बाजूला, जिथे हाड लागतं तिथे बोट रोवलं. "हा खुबा. ह्याचे स्नायू झोपलेत. मांडी धरून ठेवायचं ह्याचं काम, ते हा करत नाही. म्हणून मांडी आत फिरते आणि मार गुडघा खातो."

मला वाटलं, झालं! एवढं शिकून आली आणि हिला कुठे दुखतंय तेही कळत नाही.

"मॅडम, माझा गुडघा दुखतोय."

"ते कळलं मला. व्यायाम खुब्याचा करायचाय."

"जमिनीवर बसता येईल?"

"जमिनीवर कशाला? टेबल-खुर्ची घ्या की घरात."

मग मी त्यांना खाटेचं सांगितलं. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वचन देत नाही. वेळ लागेल. आणि मध्येच सोडलंत तर माझ्याकडे परत येऊ नका."

ह्यांचा पायजमा

व्यायाम ऐकायला अगदी सोपे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. मग गुडघे दुमडून, टाचा जुळवून, नुसता वरचा गुडघा उघडायचा आणि मिटायचा, उकळत्या पाण्यात तिसऱ्यांचे शिंपले उघडतात तसा. मग पाठीवर झोपून कंबर उचलायची.

पण साडीत हे कसं करायचं सांगा? आमच्या घरात तेव्हा सुनेनं पंजाबी ड्रेस घालायची पद्धत नव्हती. घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. शेवटी मी ह्यांचा पायजमा चढवला, नाडी दोनदा गुंडाळली, दार लोटलं आणि पडले कुशीवर. हे आत आले, मला बघून दारातच थबकले, आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले. मी आतून ओरडले, "हसा! हसून घ्या!" मग मलाही हसू आलं. त्या वर्षात हसण्यासारखं फार काही घडलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

पुढे मॅडमनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणायला सांगितला. तो दोन्ही पायांत अडकवून खेकड्यासारखं आडवं चालायचं. हे सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब कापून घेऊन आले. तिचा रबराचा वास हाताला, पायजम्याला, अंथरुणाला. मग पाटावर उभं राहून एक पाय सावकाश खाली टेकवायचा, कपाटाच्या आरशात गुडघा आत पडतोय का बघत. इथे बाबांचं डोकं फिरलं. जेवायचा पाट!

"पाटावर पाय देऊन नाचतेस? हे डॉक्टरनं सांगितलं?"

मी पाट जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाजी फोडणीला टाकली की रडल्याचं कळत नाही.

आणि दुखणं? ते तर वाढलं! खुब्याच्या बाजूला ठणका लागला, आणि गुडघा होता तसाच. श्रावणात मी घाई केली. वाटलं, सांगितलंय त्याच्या दुप्पट केलं तर लवकर बरं वाटेल. गुडघा सुजून नारळ झाला. मॅडमनी चारचौघांत झाडलं, "तुम्हाला आई खाली आणायची आहे की स्वतः खाटेवर पडायचंय?"

त्या आठवड्यात मी व्यायाम सोडला होता, खरं सांगते. ड्यूटीवरून आले की पडून राहायची. ह्यांच्याशी भांडायची, मुलीवर खेकसायची. आपण आता अशाच राहणार, ही भीती कुणाला बोलून दाखवता येत नाही. लोक म्हणतात, गुडघाच तर दुखतोय.

एका संध्याकाळी बाबांनी बाहेरून हाक मारली, "सूनबाई, पाट घातलाय."

मला वाटलं जेवायची घाई झालीय. बाहेर येऊन बघते तर पाट कपाटाच्या आरशासमोर, आणि शेजारी खुर्ची, धरायला. बाबा स्वतः दाराकडे तोंड करून बसले होते, मला संकोच नको म्हणून. "जेवायला दुसरा पाट सांगितलाय सुताराला," म्हणाले. "तुझी आई वाट बघत असेल."

तेवढ्यावर मी पुन्हा सुरू केलं.

खाली

फरक कधी पडला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस एक्सचेंजचा जिना उतरून रस्त्यावर आले आणि लक्षात आलं, कठडा धरलाच नव्हता. दिवाळीत फराळाचं करताना ओट्याशी तासन् तास उभी राहिले. मग मॅडमनी खाली बसायला शिकवलं. पुढे स्टूल ठेवून, एक गुडघा टेकवून, खुब्यावर भार घेत. लहान मूल शिकतं तशी शिकले.

पण इकडे माझा पाय भरत होता आणि तिकडे आईचा डावा हात बारीक होत चालला होता. दर खेपेला मला दिसायचं. वापरला नाही तर स्नायू झोपतो, हे आता मी मॅडमकडून सारखं ऐकत होते. खाटेवर पडून आईचं जे काही शाबूत होतं तेच झोपत चाललं होतं. मी अण्णाला म्हणायची, खाली घ्या रे तिला. आई म्हणायची, "बाय बसू दे आदी."

तुळशीचं लग्न झालं आणि मी गेले. खुर्ची बाजूला सारली. खाटेची कड धरली, गुडघा टेकवला, आणि बसले. सरळ मांडी घालून, सारवलेल्या जमिनीवर. वहिनी परात हातात घेऊन उभीच राहिली.

आईनं मान वळवून खाली पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही गं."

"खोटं नको बोलू."

"तुझी शप्पथ. नाही दुखत."

ती बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली. मग अण्णाला म्हणाली, "मना खाली घे."

वहिनीनं जुनी चटई झटकून घातली. अण्णानं आईला उचलून ठेवलं. आईनं डावा तळहात भुईवर टेकवला, सगळी बोटं पसरून, आणि डोळे मिटले. मग ती उंबऱ्याकडे सरकायला गेली.

हात थरथरला आणि कोपरात दुमडला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. कोंबड्या बाहेर कलकलाट करत होत्या. तिने परत एकदा करून पाहिलं आणि मग भिंतीला टेकून बसून राहिली, जसं काही सरकायचं तिच्या मनातच नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "हितून पन दिसतंय."

दिसत नव्हतं. वहिनीनं तोंड फिरवलं. मी आईला म्हटलं, आपण व्यायाम करू, मी शिकवते, माझा पाय बरा झाला तसा तुझा हातही होईल. डावा पाय उचलून दाखवला, कंबर कशी उचलायची ते तिथेच पडून दाखवलं. ती लहान मुलाचं कौतुक करावं तशी बघत होती. पुढच्या रविवारी तिने दोनदा पाय उचललाही, माझ्या समाधानासाठी. मग म्हणाली, "बस कर गो. माज्यापाशी बस नुस्ती."

मग मी नुसती बसायला लागले. तिला भरवायचं, तिचं अंग पुसायचं, वेणी घालायची. वहिनीला म्हणायचं, जा, जरा पड. वहिनी पडायची नाही, चहा करून आणायची आणि आमच्याजवळ बसायची. त्या हिवाळ्यात आम्ही तिघी भिंतीशी बसून जे काही बोललो ते कुणाच्या उपयोगाचं नाही, पण माझ्याजवळ तेवढंच आहे.

माझ्यासारखं दुखणं असेल त्यांना माझं सांगणं एवढंच. दुखतं तिथेच खोट असते असं नाही, तेव्हा जाणत्या माणसाकडून कंबर, खुबा, चाल सगळं बघून घ्या. व्यायाम कंटाळवाणे आहेत, आधी दुखवतात, आणि नेटानं केले तर जमतात. पण लवकर जा. तुमच्यासाठी कुणी खाटेवर चढून बसायच्या आत जा.

फाल्गुनातल्या एका सकाळी मी ड्यूटीवर होते. वहिनीनं वाण्याच्या दुकानातून फोन केला. "ताई, या," एवढंच म्हणाली. लाइन अगदी स्वच्छ होती.

मी गेले, बसले आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं. तिने ओळखलं की नाही माहीत नाही. श्वास लांब लांब होत गेला. अण्णा तुळशीचं पान आणायला गेला. तेवढ्यात शेजारची म्हातारी आत्या काठी टेकत दारात आली आणि रीतीप्रमाणे घाईघाईनं म्हणाली, "खाली घ्या रं तिला, भुईवर घ्या, येल झाली!" मग तिला दिसलं. आई भुईवरच होती. कुणाला काही करायचं उरलं नव्हतं.

आई गेली त्यानंतरही मी तशीच बसून होते. माणसं जमत गेली, ऊन उंबऱ्यातून आत आलं. आत्या माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "उठ गो बाय. कवापासून मांडी घालून बसलीस. पाय दुखंल तुजा."

मी मान हलवली. दुखत नव्हता. इतकी वर्षं दुखला, आणि त्या दिवशी मी वाट बघत बसले तरी एकदाही दुखला नाही.